सही कोण करणार? कंपनीचे मेल, चॅट आणि फायली कोर्टात टिकाव्यात म्हणून

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात मला विचारलेला पहिला प्रश्न पैशांबद्दल नव्हता.

“हा मेल तुम्ही कुठल्या कॉम्प्युटरवरून काढलात?”

“माझ्या.”

“मग वर फॉरवर्ड करणाऱ्याचं नाव दुसऱ्याच माणसाचं कसं?”

मी आमच्या वकिलांकडे बघितलं, वकिलांनी कागदाकडे. प्रिंट रिसेप्शनवरून काढलेली होती. मेल परचेसच्या साहेबांनी नोकरी सोडण्याआधी फॉरवर्ड केलेला. मेलच्या प्रतीसोबत कोर्टात द्याव्या लागणाऱ्या प्रमाणपत्रावर सही मात्र माझी, कारण “आयटीचं तुम्हीच बघता ना, मग करा सही.” मजकूर खरा होता. समोरच्या पार्टीने माल पोचल्याचं त्यात स्वच्छ कबूल केलं होतं. पण पुढचा पाऊण तास मालाबद्दल कुणी बोललंच नाही, सगळं माझ्या सहीवर चाललं.

तेव्हापासून कुठलाही वाद अंगावर येताना दिसला की मी आधी एवढंच विचारतो: उद्या सही कोण करणार? त्या माणसाला उलटतपासणीत काय काय विचारतील, याचा अंदाज बांधला की आज काय करायचं ते आपोआप ठरतं. चाकण, भोसरी, वाळूज, अंबडसारख्या ठिकाणच्या ज्या कंपन्यांत वेगळं लीगल डिपार्टमेंट नसतं आणि हे काम अ‍ॅडमिन, अकाउंट्स किंवा कॉम्प्युटर बघणाऱ्या माणसाच्या गळ्यात पडतं, त्यांच्यासाठी हे लिहितोय. खटला लढवणं वकिलांचं काम. पुरावा धड अवस्थेत त्यांच्या टेबलावर पोचवणं आपलं.

कायदा, लागेल तेवढाच

१ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ आला. जुन्या कायद्यातलं प्रसिद्ध ‘पासष्ट बी’ आता कलम ६३ झालं आहे. मेलची प्रिंट, पेन ड्राइव्हवरची फाइल, सीसीटीव्हीची क्लिप, यांतलं काहीही मूळ यंत्राऐवजी प्रतीच्या रूपात द्यायचं असेल तर सोबत प्रमाणपत्र लागतं. नव्या कायद्यात या प्रमाणपत्राचा नमुनाच परिशिष्टात दिला आहे आणि त्याचे दोन भाग आहेत. भाग ‘अ’ ते यंत्र किंवा ते काम ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाने. दोन्हीकडे फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. ती काय असते ते पुढे येईल. तज्ज्ञ नेमका कोणाला म्हणायचं, यावर वकिलांत अजून वाद चालतात. तेव्हा भाग ‘ब’वर कोणाची सही घ्यायची ते आपल्या वकिलांनाच ठरवू द्या. नवा कायदा येण्याआधीपासून चालू असलेल्या खटल्यांना जुनाच कायदा लागतो, हेही ध्यानात असू द्या.

प्रमाणपत्र खरंच सक्तीचं आहे का, यावर बरीच वर्षं उलटसुलट निकाल येत राहिले. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सक्तीचं म्हटलं, २०१८ मध्ये थोडी ढील दिली, आणि शेवटी गोष्ट मिटली ती आपल्या जालन्याच्या प्रकरणात. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत तिथला निकाल २९६ मतांनी लागला होता. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर घेतला, असा आक्षेप होता आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातलं व्हिडिओ चित्रण. सीडी मिळाल्या, पण वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिलं नाही. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १४ जुलै २०२० च्या निकालात तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की प्रमाणपत्र हवंच. मात्र मागणाऱ्याने सगळे प्रयत्न केले आणि समोरून मिळालंच नाही, तर त्याचा बळी द्यायचा नाही. आणखी एक गोष्ट त्या निकालात आहे जी आपल्या कामाची आहे: लॅपटॉपच्या मालकाने स्वतः साक्षीला उभं राहून मूळ लॅपटॉपच दाखवला, तर प्रमाणपत्राची गरज नाही. सर्व्हर काही कोर्टात उचलून नेता येत नाही, म्हणून प्रती आणि म्हणून प्रमाणपत्र.

कायदा इतका पुरे.

वास आला त्या दिवशी

समन्स येईपर्यंत थांबू नका. ‘माल रिजेक्ट आहे’, ‘डेबिट नोट पाठवतोय’, ‘आम्ही कायदेशीर सल्ला घेत आहोत’ असला मेल आला की त्याच दिवशी कामाला लागायचं. पहिलं काम म्हणजे आपोआप पुसलं जाणारं थांबवणं. जीमेलच्या ट्रॅशमधला मेल ३० दिवसांनी जातो. सीसीटीव्हीचा डीव्हीआर डिस्क भरली की जुन्यावर नवं चढवतो; कुठे आठवड्यात, कुठे महिन्यात. लोडिंगचं चित्रण हवं असेल तर ते आजच काढा, सोमवारी नाही.

सगळ्यात मोठी गळती सोडून गेलेल्या माणसांची असते. राजीनामा दिला की खर्च वाचवायला त्याचा मेल आयडी डिलीट करायची आपल्याकडे पद्धतच आहे. गूगल वर्कस्पेसवर डिलीट केलेला युजर २० दिवसांत परत आणता येतो, मायक्रोसॉफ्ट ३६५ वर ३० दिवसांत. त्यानंतर हात चोळत बसायचं. माझ्या त्या पहिल्या खटल्यात परचेसच्या साहेबांचं खातं असंच उडालं होतं, महिन्याच्या काहीशे रुपयांसाठी. आता मी एचआरला सांगून ठेवलंय: खातं सस्पेंड करा, पासवर्ड बदला, पण माझ्या सहीशिवाय डिलीट नाही. लॅपटॉपचंही तेच. नव्या माणसाला द्यायच्या आधी फॉरमॅट मारायची घाई असते. वादातल्या माणसाचा लॅपटॉप तसाच कपाटात जातो आणि नव्याला दुसरा शोधून देतो.

दुसरं काम, होल्डचं पत्र, म्हणजे काहीही पुसू किंवा बदलू नका अशी सगळ्यांना लेखी सूचना. वकिली इंग्रजीतलं दीड पानी पत्र डिस्पॅचमध्ये कुणी वाचत नाही. मी साध्या मराठीत काढतो, हे असं:

“___ कंपनीच्या ऑर्डर नं. ___ संबंधी कोणताही मेल, मेसेज, फोटो, फाइल किंवा वहीतली नोंद पुढची सूचना मिळेपर्यंत डिलीट करू नये, दुरुस्त करू नये, दुसरीकडे हलवू नये. व्हॉट्सअ‍ॅपवर आपोआप गायब होणारे मेसेज लावले असतील तर बंद करावेत. मोबाइल बदलायचा, फॉरमॅट करायचा किंवा दुरुस्तीला द्यायचा असेल तर आधी मला सांगावं. या विषयावर ग्रुपवर किंवा मेलवर आपली मतं लिहू नयेत.”

खाली ‘वाचलं, समजलं’ म्हणून तारखेसह सही घ्यायची. पत्र फक्त साहेब लोकांना देऊन भागत नाही. गेटवरचा सिक्युरिटी, डिस्पॅचचे काका, माल घेऊन गेलेला ड्रायव्हर, बाहेरून टॅली भरणारा अकाउंटंट, सगळ्यांना. नेमका महत्त्वाचा फोटो ड्रायव्हरच्या फोनमध्ये सापडतो, असा माझा अनुभव आहे.

कुणी विचारेल की आपल्या विरुद्ध जाणारा एखादा मेल गुपचूप उडवला तर? नको. कोर्टात सादर होऊ नये म्हणून इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय मेलची दुसरी प्रत समोरच्याकडे असतेच. ती त्यांनी काढली आणि आपल्याकडे नाही म्हटल्यावर कोर्ट आपल्याविरुद्धच अनुमान काढणार.

कुठे काय पडलंय

वही घेऊन कंपनीत एक फेरी मारा. खुर्चीत बसून यादी केली की मेल, टॅली आणि शेअर्ड फोल्डर एवढंच आठवतं. फेरी मारली की काटा-पावतीचं मशीन दिसतं, गेटचं रजिस्टर दिसतं, क्वालिटीच्या टेबलावरचा एकटा जुना कॉम्प्युटर दिसतो ज्याचा बॅकअप कुणीच घेत नाही आणि सगळे तपासणी अहवाल त्यातच आहेत. प्रत्येक जागेसमोर तीन गोष्टी लिहा: हे कोणाच्या ताब्यात आहे, पासवर्ड कोणाकोणाला माहीत आहे, आणि कधीपर्यंतचा डेटा आहे. ताब्यातला माणूस म्हणजेच उद्याचा सही करणारा. तो सहा महिन्यांनी रिटायर होणार असेल तर तेही लिहून ठेवा.

टॅलीबद्दल एक चांगली बातमी आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग चालू ठेवणं बंधनकारक आहे. व्हाउचर कोणी, कधी बदललं ते त्यात राहतं आणि तो बंद करता येता कामा नये. आधी ‘ही एन्ट्री तुम्ही नंतर घातली’ या आरोपाला तोंडी उत्तर द्यावं लागायचं, आता लॉग दाखवता येतो. अर्थात तो दोन्ही बाजूंनी कापतो.

उचलताना हात लावायचा नाही

फॉरवर्ड करू नका. ही माझी एकच घोषणा, भिंतीवर लावावी अशी. मेल फॉरवर्ड केला की त्याचा मूळ हेडर, म्हणजे तो कुठल्या सर्व्हरवरून कधी निघाला आणि कुठे कधी पोचला याचा माग, तुमच्या प्रतीत येत नाही. येतो फक्त मजकूर, आणि मजकूर कोणीही टाइप करू शकतं. जीमेलमध्ये मेल उघडून तीन टिंबांच्या मेनूतून ‘डाउनलोड मेसेज’ करा. अख्खा मेल हेडर आणि अटॅचमेंटसकट एका फाइलमध्ये उतरतो. आउटलुकमध्ये ‘सेव्ह अ‍ॅज’. प्रिंट काढायची ती नंतर, या मूळ खात्यात जाऊन, सही करणाऱ्याने स्वतः किंवा त्याच्या डोळ्यांसमोर.

हेडर वाचताना वेळेकडे नीट बघा. त्यात पुष्कळदा जागतिक वेळ असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. ६ तारखेला पहाटे दोनला आलेला मेल हेडरमध्ये ५ तारखेच्या रात्री साडेआठचा दिसतो. डिलिव्हरीची मुदत ५ तारीख असेल तर एवढ्या फरकावर खटला फिरतो. आम्ही प्रत्येक नोंदीत दोन्ही वेळा लिहितो.

फायलींचं वेगळंच. वर्डची फाइल ‘जरा बघू’ म्हणून उघडली, सवयीने सेव्ह दाबलं, की बदलाची तारीख आजची. विंडोजमध्ये नुसती कॉपी केली तरी प्रतीवर तयार झाल्याची तारीख आजची पडते. म्हणून न उघडता अख्खा फोल्डर झिप करायचा, त्या झिपची हॅश काढायची आणि मगच पुढचं.

आता हॅश. पोलीस मुद्देमालाला लाखेचं सील लावतात ना, तसलंच हे, फक्त आकड्यांचं. फाइल एका गणितातून घातली की ठरावीक लांबीची अक्षरमाला निघते. एसएचए-२५६ या पद्धतीत ६४ अक्षरांची. फाइल तीच तर अक्षरं तीच, मग कुणीही, कुठेही, कितीदाही काढा. विश्वास बसत नसेल तर करून बघा: नोटपॅडमध्ये ‘माल मिळाला.’ लिहून सेव्ह करा, हॅश काढा. मग शेवटचा पूर्णविराम पुसून परत काढा. दोन्ही अक्षरमालांत ओळख सांगण्याइतकंही साम्य उरत नाही. फाइलचं नुसतं नाव बदललं तर मात्र हॅश तीच राहते, कारण सील आतल्या मालाला असतं, वरच्या लेबलाला नसतं. काढायला सेव्हन-झिप हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं: फाइलवर राइट क्लिक, त्याच्या मेनूत एसएचए-२५६. अर्धा मिनिट लागतो.

आणि हे सगळं वहीत. एक्सेलमध्ये नको; शंभर पानी, पानांवर नंबर छापलेली वही, पेनने लिहिलेली. आमच्या वहीतली नोंद अशी असते: ‘दि. १२, सकाळी ११.२०. डिस्पॅचचा डेस्कटॉप, स्टिकर क्र. १४. फोल्डर: चलन स्कॅन, ऑगस्ट. झिप करून नव्या पेन ड्राइव्हवर घेतला. हॅश: (६४ अक्षरं). काढणार: मी. हजर: डिस्पॅच इन्चार्ज. दोघांच्या सह्या. पेन ड्राइव्ह पाकिटात, अकाउंट्सच्या तिजोरीत.’ पाकीट बाहेर काढलं की पुन्हा नोंद. कंटाळवाणं आहे. पण तीन वर्षांनी पिंजऱ्यात उभं राहिल्यावर आठवणीपेक्षा ही ओळ कामाला येते. खटला कंपनी सोडल्यावरही निघतो, तेव्हा तर जास्तच.

व्हॉट्सअ‍ॅप

आपल्याकडचा निम्मा धंदा व्हॉट्सअ‍ॅपवर चालतो, हे कोर्टालाही आता माहीत आहे. रेट तिथे ठरतात, माल खराब निघाल्याचे फोटो तिथे येतात, ‘पेमेंट शुक्रवारी नक्की’ तिथेच. म्हणून याला थोडा जास्त वेळ द्या.

‘एक्सपोर्ट चॅट’ केलं की साधी टेक्स्ट फाइल मिळते. वाचायला सोयीची, पण नोटपॅडमध्ये उघडून कुणीही वाक्य घालू शकतं, म्हणून एकट्याने ती फारशी भरवशाची नाही. एक्सपोर्ट घ्या, त्याची हॅश काढा, आणि मूळ फोनही जपा. फोन जुना झालाय, बॅटरी फुगली आहे, तरी एक्सचेंजला देऊ नका. नवा घ्या आणि जुना पाकिटात. स्क्रीनशॉट घेताना वर जे नाव दिसतं ते आपण आपल्या फोनमध्ये सेव्ह केलेलं असतं. ‘दादा ट्रान्सपोर्ट’ हे नाव कोर्टाच्या दृष्टीने कुणाचंच नाही. कॉन्टॅक्टची माहिती उघडून नंबर दिसेल असा शॉट आधी घ्या, मग संवाद, तारखांसकट, एकामागोमाग एक, मधला एकही मेसेज न गाळता. गाळलेला मेसेज समोरचा वकील बरोबर शोधतो आणि मग उरलेल्या सगळ्यांवर सावली पडते.

फोन कामगाराचा स्वतःचा असेल तर त्याची लेखी संमती घ्या आणि तेवढ्या ग्रुपपुरतंच बघा. घरच्या गप्पा, बायकोचे मेसेज, बँकेचे ओटीपी यांच्याशी आपला संबंध नाही. आमच्या डिस्पॅचच्या काकांनी फोन देताना विचारलं होतं, “साहेब, नातवाचे फोटो पण कोर्टात जाणार का?” मी ग्रुप त्यांच्यासमोरच उघडला, त्यांच्यासमोरच एक्सपोर्ट केला आणि फोन लगेच परत दिला. त्यानंतर ते साक्षीलाही बिनधास्त आले.

आवाजी मेसेज असतील तर मूळ फाइल ठेवा आणि शब्दशः उतरवून घ्या. ‘हां’, ‘बघू’, ‘होऊन जाईल’ हे तसंच लिहायचं. सारांश करायचा नाही. मराठीतल्या ‘बघू’ला होकार म्हणायचं की नकार, हे आपण ठरवायचं नसतं.

कोर्टात द्यायची वेळ

३ लाखांच्या वरचे व्यापारी वाद सध्या व्यावसायिक न्यायालयांकडे जातात. तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थीचा टप्पा सक्तीचा आहे. म्हणजे कागद जमवायला थोडा अवधी मिळतो, तो वाया घालवू नका. कारण दाव्यासोबतच आपल्या ताब्यातल्या संबंधित सगळ्या कागदांची यादी द्यावी लागते, आणि ‘सगळ्या’मध्ये आपल्या विरुद्ध जाणारेही आले. सुरुवातीला न दाखवलेला कागद नंतर वापरायचा तर कोर्टाची परवानगी आणि पटण्यासारखं कारण लागतं. आपण प्रतिवादी असू तर लेखी म्हणण्याला जास्तीत जास्त १२० दिवस. त्यानंतर दार बंद.

इलेक्ट्रॉनिक कागदांसाठी शपथेवर वेगळा तपशील द्यावा लागतो: नोंद कोणी तयार केली, कधी, प्रिंट कधी काढली, मेल आयडी कोणाच्या मालकीचा आणि तो कोण कोण वापरतं, क्लाउडवर असेल तर तिथला ताबा कोणाचा, यंत्र नीट चालत होतं का. फेरी मारून भरलेली वही इथे शब्दशः उतरते. अडचण येते ती एकाच ठिकाणी: ‘सेल्स’ किंवा ‘इन्फो’ नावाचा एक आयडी, चार जण वापरतात, पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला. मग ‘हा मेल पाठवला कोणी?’ याचं उत्तर कोणाकडेच नसतं. वादाची वाट न बघता आजच प्रत्येकाला वेगळा लॉगिन द्या.

वकिलांशी झालेला पत्रव्यवहार पहिल्या दिवसापासून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. त्याला कायद्याचं संरक्षण आहे आणि तो चुकून यादीत जाता कामा नये. मात्र पगारावर असलेल्या लीगल मॅनेजरला बाहेरच्या वकिलासारखं ते संरक्षण मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे. तेव्हा ‘आपली चूक झाली आहे, काय करायचं?’ हा मेल कोणाला लिहायचा, ते जपून ठरवा.

काय टाकून द्यायचं

हे वाचून कुणी सगळंच साठवायला लागेल, तर तेही नको. कंपनी कायद्याखाली हिशेबाची पुस्तकं ८ आर्थिक वर्षं, जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने, आणि करारावरच्या दाव्यांची मुदत साधारण ३ वर्षं. हे आकडे धरून सीएंना विचारून एक पानाचं धोरण लिहा, त्यावर संचालकांची सही घ्या, आणि त्याप्रमाणे दर वर्षी खरोखर टाका. लिहिलेल्या धोरणाप्रमाणे वेळेवर गेलेल्या कागदाबद्दल कुणी बोट दाखवत नाही. नोटीस आल्यावर अचानक झालेल्या साफसफाईबद्दल दाखवतात. होल्डमधल्या गोष्टी अर्थातच या धोरणाबाहेर.

होल्ड उठवायलाही पत्रच लागतं. निकाल लागला, अपिलाची मुदत गेली किंवा तडजोडीचे पैसे जमा झाले, की वकिलांकडून लेखी घ्या आणि ज्यांना पहिलं पत्र दिलं त्या सगळ्यांना दुसरं द्या. आमच्याकडे हे राहिलं होतं. प्रकरण मिटून दीड वर्ष झालं तरी डिस्पॅचचे काका फुटक्या स्क्रीनचा तोच फोन वापरत होते, कारण “साहेब, तुम्ही बदलू नका म्हणालात.”